टेकडीची हजेरी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागली की सूचनाफलकावर एक कागद लागतो. सहलीचा दिवस, निघण्याची वेळ, वर्गणीची रक्कम आणि शेवटी 'सोबत डबा व पाण्याची बाटली आणावी' ही सूचना. तो कागद वाचण्यासाठी फलकापुढे जी गर्दी होते, तशी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही होत नाही. मी पस्तीस वर्षे शाळेत होतो. त्यांतील शेवटची अकरा वर्षे मुख्याध्यापक या नात्याने त्या कागदावर मीच सही करीत असे. म्हणून आज जे म्हणणार आहे ते प्रथम माझ्याच विरुद्ध जाते, हे आधी सांगून टाकतो. मुलांनो, वर्षातून एक दिवस, तोही हिवाळ्यातला, आणि दर वर्षी निराळ्या ठिकाणी, अशा सहलीने निसर्गाची ओळख होत नाही. एखाद्याच्या घरी चहापुरते बसून यावे आणि त्या घरचे सुखदुःख आपल्याला कळले असे मानावे, त्यातलाच तो प्रकार आहे.

माझा उपाय साधा आहे. तो ऐकून पुष्कळ जण हसतात. शाळेपासून तासाभराच्या अंतरावरील एकच जागा निवडावी. टेकडी, तळे, ओढ्याचा काठ, काहीही चालेल. तेथे 'प्रेक्षणीय' असे काही नसले तर अधिकच बरे. त्या एकाच जागी वर्षातून सहा वेळा, प्रत्येक ऋतूत एकदा, जावे. पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच जावे. आम्हां डोंबिवलीकरांसाठी मी उंबार्लीची टेकडी सुचवीत आलो आहे. ती फारशी उंच नाही. तिच्यावर किल्ला नाही, आणि तिचे चित्र कोणत्या दिनदर्शिकेवर छापलेले मी तरी पाहिलेले नाही. परंतु पक्ष्यांचा नाद असलेली माणसे भल्या पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून तेथे जातात, आणि ती काही उगाच जात नसतील.

हा विचार माझ्या डोक्यात कसा शिरला ती हकीकत मला फारशी भूषणावह नाही. १९८५ साली मी डोंबिवलीत शिक्षक म्हणून लागलो. तेव्हा गावाची पूर्व बाजू लवकर संपत असे आणि भातखाचरे सुरू होत. मानपाडा, सोनारपाडा, निळजे, उंबार्ली या बाजूंची मुले चिखल तुडवीत शाळेत येत. आषाढ लागला की माझ्या सातवीच्या वर्गातील पाच-सहा बाके रिकामी पडू लागली. मी नवा आणि उत्साही. हजेरीपटावर रोज तांबड्या शाईने 'गै' लिहिण्यात मला कर्तव्य केल्याचे समाधान वाटे. त्यांपैकी एक मुलगा एकोणीस दिवसांनी परत आला. मी त्याला वर्गापुढे उभे केले आणि विचारले, "इतके दिवस काय करीत होतास?"

"आवणी होती, सर," तो म्हणाला.

"आवणी नव्हे, लावणी म्हण," मी म्हणालो. वर्ग हसला. मुलगा मान खाली घालून जागेवर जाऊन बसला.

मी मराठी घेऊन एम. ए. झालो होतो, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. काही दिवसांनी सहज शब्दकोश उघडला, तर तो शब्द तेथे होता. भाताची रोपे उपटून चिखलात पुन्हा लावणे यासाठी कोकणपट्टीतील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आलेला, चांगला, खणखणीत मराठी शब्द. चूक माझी होती. पण ती वर्गात कबूल करण्याचे धैर्य मला त्या वर्षी झाले नाही.

भाद्रपदात एका रविवारी मी आणि माझे एक सहकारी फिरत फिरत उंबार्लीच्या टेकडीकडे गेलो. पायथ्याशी तोच मुलगा गुरे राखीत होता. मला पाहून तो आधी बिचकला. मग आमच्याबरोबर चालू लागला. समोरची खाचरे मला एकसारखी हिरवी दिसत होती. तो म्हणाला, "वरचे हळवे आहे, सर, दसऱ्याच्या आधी निघेल. खालचे गरवे, त्याला दिवाळी ओलांडावी लागेल." असे का, विचारता तो म्हणाला, "वर पाणी टिकत नाही. तिथे लवकर पिकणारेच लावायला हवे. खाली ओल राहते, तिथे उशिराचे चालते." भूगोलाच्या तासाला उतार, मृदा आणि जलधारणा या विषयांवर आम्ही जे आठवडाभर शिकवीत असू, ते त्याने चार वाक्यांत, बोट दाखवून, सांगितले. मी ज्या एकोणीस दिवसांपुढे तांबडी शाई वापरली होती, त्या दिवसांत तो हेच शिकत होता.

येथे कोणी म्हणेल की, मग मुलांनी शेतावरच राहावे, शाळेची गरज ती काय? असे मी मुळीच म्हणत नाही. त्या मुलाला अपूर्णांक येत नव्हते, आणि अपूर्णांक न येणाऱ्या माणसाला व्यापारी कसे फसवतात हे मी पाहिले आहे. त्याला शाळेची गरज होती. प्रश्न एवढाच होता की, शाळेने त्याला ऋतूपासून तोडून आपल्याकडे ओढावे, की चार पावले आपणच ऋतूकडे जावे?

हा प्रश्न मला १९८५ साली पडला. पण आमच्याच ठाणे जिल्ह्यात तो चाळीस वर्षे आधी पडलेल्या दोन स्त्रिया होऊन गेल्या होत्या. ताराबाई मोडक या मुंबईत जन्मलेल्या विदुषी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरातील बालशाळांत त्यांना मान होता, कीर्ती होती. असे असता, पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली त्या डहाणूजवळील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांना साथ मिळाली अनुताई वाघ यांची. त्या परिसरातील वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डोके वर काढले, तेही हेच १९४५ साल. केवढ्या खळबळीच्या मुलखात या दोघींनी पाटी-पेन्सिल घेऊन पाऊल टाकले, हे त्यावरून ध्यानात येईल.

बालवाडी निघाली, पण गरीब वस्त्यांतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्त्यांत नेली. शिक्षिका झोपड्यांपुढच्या अंगणात जात, मुलांना न्हाऊमाखू घालीत आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ सुरू करीत. आज गावोगाव ऐकू येणारा 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून रूढ झाला. महागड्या परदेशी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ, हलले. तेथे आणखी एक अडचण उभी राहिली. वयाने थोडी मोठी मुले दिवसभर गुरे घेऊन रानात जात. ती शाळेत येणार कधी? मुलगा आला नाही तर गुरे कोण राखणार, हा आईबापांचा सवाल काही खोटा नव्हता. यावर जे उत्तर निघाले ते ऐकून मी थक्क झालो होतो. शिक्षक गुरांमागून कुरणात गेले. गुरे चरत असत आणि झाडाखाली शाळा भरे. हीच कुरणशाळा.

कुरणशाळेत वर्गाची जागा गुरे ठरवीत. पावसाळ्यात गवत जवळच असते, उन्हाळ्यात ते शोधीत लांब जावे लागते. शाळाही तशी लांब जाई. घंटा, बाके आणि भिंती यांवाचून शाळा होऊ शकते, हे या दोघींनी करून दाखविले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. तो सन्मान थोरच. पण मला विचाराल तर 'कुरणशाळा' या एका शब्दाचे मोल अधिक आहे. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून कोसबाड पालघर जिल्ह्यात आहे. मी मात्र अजून सवयीने त्याला आमच्या जिल्ह्यातले म्हणतो.

परदेशांतही शाळेला रानात नेण्याचे प्रयत्न झाले आहेत. इंग्लंडात सफोक परगण्यात फ्लॅटफर्ड येथे एक जुनी पाणचक्की आहे. १९४६ साली तेथे विद्यार्थ्यांनी राहून निसर्गाचा प्रत्यक्ष अभ्यास करावा असे केंद्र उघडले. ही पाणचक्की मुळात जॉन कॉन्स्टेबल या प्रख्यात चित्रकाराच्या वडिलांची. या चित्रकाराने आपल्या गावाजवळचा तोच नदीकाठ, तीच झाडे, तेच ढग पुनःपुन्हा रंगविले. पाहण्याजोगे सारे त्याला त्या चार मैलांत सापडत असे. माझ्या टेकडीच्या बाजूने एवढा मोठा साक्षीदार मिळाल्यावर मी त्याला सोडणार कसा?

आता टेकडीवर येऊ. पहिली फेरी मृगात करावी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. डोंबिवलीच्या बाजारात तेव्हा आदिवासी भगिनी शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या असतात. पहिल्या सरींच्या सुमारास जमिनीतून वर येणारी ही रानभाजी. तिने घसा खाजतो, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालतात. ही फळे त्याच दिवसांत येतात. भाजी आणि तिचा उतारा रानाने एकाच वेळी द्यावा, ही गंमत ज्याने प्रथम शोधून काढली त्याची खाजही थोडीथोडकी नसावी! टेकडीच्या पायथ्याला, वैशाखात राब भाजून काळ्या केलेल्या तुकड्यावर, भाताच्या रोपांची पोपटी लव उगवू लागलेली असते. मृगाचा लाल मखमली किडा मातीवरून चालतो. आफ्रिकेकडून आलेला चातक ओरडत असतो. महिन्यापूर्वी हीच टेकडी तपकिरी आणि ओसाड होती, हे ज्याने महिन्यापूर्वी पाहिले आहे त्यालाच या हिरवेपणाचा अर्थ कळतो. एकदाच येणाऱ्याला ती नुसती हिरवी टेकडी दिसते.

श्रावण-भाद्रपदातली फेरी मला सर्वांत प्रिय. तेरडा फुललेला असतो, कळलावीच्या ज्वाळा कुंपणावर पेटलेल्या असतात, टाकळा कोवळेपणा टाकून शेंगांवर येऊ लागतो. मुलांना मी सांगतो, आज काही लिहू नका. एक हात लांब, एक हात रुंद एवढीच जमीन निवडा आणि अर्धा तास तिच्यापुढे बसा. प्रथम दहा मिनिटे मुले एकमेकांना कोपरे मारतात. पुढची दहा मिनिटे कंटाळतात. त्यानंतर कोणीतरी हळूच म्हणते, "सर, इथे एक मुंगी मेलेला टोळ एकटीच ओढते आहे," आणि मग खरा तास सुरू होतो.

शरदात कापणी, हेमंतात खळी आणि पाणथळ जागी शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षी; शिशिरात पानगळ. या फेऱ्यांविषयी अधिक सांगत नाही, कारण तुमची नेहमीची सहल बहुधा याच दिवसांत जाते आणि हवा सुखाची असते. वसंतातली फेरी मात्र चुकवू नये. काटेसावर, पळस आणि पांगारा पाने झाडून लाल होतात, आणि कधी त्याच लाल फुलांखालची जमीन वणव्याने काळी झालेली दिसते. कोणी गंमत म्हणून, कोणी नवे गवत चांगले यावे म्हणून आग लावतो; जमिनीवर घरटे करणारे पक्षी आणि पावसाळ्यात लावलेली रोपे त्यात जातात. जुलैमध्ये स्वतःच्या हाताने रोप लावलेल्या मुलाने मार्चमध्ये ती राख पाहिलीच पाहिजे, असे माझे मत आहे. १९५० सालापासून आपण वनमहोत्सव साजरा करतो. खड्ड्यात रोप ठेवतानाची छायाचित्रे पुष्कळ निघतात. ते रोप उन्हाळ्यात कसे आहे हे पाहायला जाणारा पाहुणा मला क्वचितच भेटला.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि सारेच काही पोकळ नाहीत. अभ्यासक्रम मागे पडेल, हा पहिला. सहा अर्धे दिवस म्हणजे तीन दिवस. निरोपसमारंभ, पाहुण्यांची भाषणे आणि त्यांच्या स्वागताची तालीम यांत आपण याहून अधिक दिवस घालवितो. दुसरा आक्षेप धोक्याचा. तो मात्र मी गंभीरपणे घेतो. एका पावसाळी फेरीत मी हट्टाने मुलांना एका लहान ओढ्यापलीकडे नेले. परतताना ओढा भरला. वरच्या अंगाला पाऊस पडत असला की येथे ऊन असतानाही पाणी चढते, हे मला माहीत असायला हवे होते. शेतावरच्या एका आजींनी आम्हांला थांबवून धरले. पाणी उतरेपर्यंत आम्ही तीन तास त्यांच्या पडवीत बसलो. दुसऱ्या दिवशी पालक तक्रार घेऊन आले. त्यांचे बरोबर होते, आणि मी तसे त्यांना सांगितले. त्या दिवसापासून पावसाळ्यात ओढा, धबधबा, बंधारा यांच्या जवळ जायचे नाही आणि निघण्यापूर्वी तेथल्या रहिवाशाला विचारायचे, असे दोन नियम मी केले. परंतु पावसाळाच टाळायचा, असा नियम मी केला नाही.

हल्ली कर्जत, मुरबाड या बाजूंना मुलांसाठी निवासी शिबिरे भरतात. तंबू असतात, दोरीवरून चालणे असते, रात्री शेकोटी असते. मुले आनंदाने जातात आणि त्या आनंदाला मी नावे ठेवणार नाही. माझी तक्रार निराळी आहे. तेथे शिकवायला शहरातून माणूस येतो, आणि ज्याने त्या डोंगरावर पन्नास पावसाळे काढले तो स्थानिक मनुष्य स्वयंपाकघरात भाकऱ्या थापीत किंवा तंबूच्या खुंट्या ठोकीत असतो. त्याला कोणी पुढे बोलावून 'आता हे तुम्हांला सांगतील' असे म्हणत नाही.

काही गोष्टी तर सहा फेऱ्यांनीही दिसत नाहीत. आपल्या डोंगरांत कारवी नावाचे झुडूप असते. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती करतात. ती सात पावसाळे नुसती वाढते आणि आठव्या वर्षी साऱ्या डोंगरभर एकदम फुलते, मग बी धरून मरते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली, आणि नंतर २०२४ साली. तेथून जवळच, गोरेगावला, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. तेथे मुलांना अशा गोष्टी दाखविणारी जाणती माणसे आहेत. २०२४ साली मी निवृत्त होतो, तरी जांभळा डोंगर पाहून आलो. आता हिशेब तुम्हीच करा, पुढच्या बहराला तुम्ही किती वर्षांचे असाल.

मुख्याध्यापक झाल्यावर, २००९ सालच्या जुलैत, मी पहिला वर्ग टेकडीकडे नेला. आजूबाजूच्या खाचरांत इमारती उठू लागल्या होत्या. तरी पायथ्याशी चार-दोन तुकडे अजून लागवडीखाली होते. त्यांतील एक त्या एकोणीस दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचा होता. तो आता चांगला पस्तिशीचा गृहस्थ झाला होता. मी त्याला आधी निरोप पाठविला होता, आणि त्याने माझ्या वर्गासाठी रोपांच्या मुठी बांधून तयार ठेवल्या होत्या. मुले पोटऱ्यांपर्यंत चिखलात उतरली. त्याने रोप कसे धरावे, किती खोल खोवावे, मागे मागे कसे सरकावे हे दाखविले. मी बांधावर छत्री धरून उभा होतो. हजेरीपट पिशवीत होता. त्या दिवशीच्या रकान्यात मी सर्वांची हजेरी आधीच भरून ठेवली होती.

एक मुलगी कंबर सरळ करीत म्हणाली, "काका, याला लावणी म्हणतात ना?"

तो काही बोलला नाही. त्याने हसून माझ्याकडे पाहिले.

"आवणी म्हणतात," मी बांधावरून म्हणालो.